फोटो नसलेली तबकडी

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या एका छोट्या रेडिओ स्टेशनकडे एका श्रोत्याने बियॉन्से या काळ्या गायिकेचं नवं गाणं लावायची विनंती केली. उत्तर आलं की आमचं स्टेशन कंट्री संगीताचं आहे, आम्ही बियॉन्से लावत नाही. गाणं कंट्रीच होतं, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या संगीताच्या वळणाचं. गदारोळ झाला, मग ते लागलंही. तेव्हापासून एक वाद धुमसतो आहे आणि २०२५ च्या ग्रॅमीमध्ये तिच्या अल्बमला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा मान मिळाल्यावर तो आणखी पेटला. एक बाजू म्हणते, कंट्री हे गोऱ्यांचं संगीत, त्याचा श्रोता मुळातच वर्णद्वेष्टा, काळ्या गायकाला तो जवळ करणार नाही. दुसरी बाजू म्हणते, छे, चार्ली प्राइड या काळ्या कंट्री गायकाला याच श्रोत्याने डोक्यावर घेतलं होतं की! गंमत नाही, दुःख असं की पहिली बाजूसुद्धा त्याच चार्ली प्राइडला साक्षीला बोलावते. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डसोबत कंपनीने फोटो पाठवला नव्हता, यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा, असं ती विचारते. एकच माणूस, एकच तबकडी, आणि दोन्हीकडचे वकील तीच नाचवतात.

माझं म्हणणं असं की दोघेही चुकीच्या माणसावर खटला भरत आहेत. ‘श्रोता द्वेष्टा आहे की उदार’ हा प्रश्नच इथे उपयोगाचा नाही. त्या तबकडीने दाखवलं ते वेगळंच. श्रोत्याच्या कानापर्यंत गाणं पोचण्याआधी कोणीतरी ऑफिसात बसून ठरवतं की हे अमक्याला चालेल, तमक्याला चालणार नाही. आणि ठरवणारा स्वतःची भीती श्रोत्याच्या नावावर खपवतो. कंट्री संगीतातली भिंत बांधली गेली ती या ऑफिसात.

आधी ती तबकडी नीट पाहू, कारण तिच्याविषयी अर्धवट माहितीच फार फिरते. चार्ली प्राइड यांचा जन्म १९३४ चा, मिसिसिपीतल्या स्लेज या गावचा. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवायचे, घरात अकरा भावंडं. शनिवारी रात्री घरातल्या बॅटरीच्या रेडिओवर कंट्रीची राजधानी मानल्या जाणाऱ्या नॅशव्हिल शहरातून येणारा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम लागायचा. तो लावणारे वडीलच होते. कापूस वेचणाऱ्या त्या काळ्या घरात जे संगीत रोजचं होतं ते कंट्री होतं, एवढं लक्षात ठेवलं तरी ‘तो आमच्या संगीतात आला’ या भाषेतला खोटेपणा कळतो. चार्लींना व्हायचं होतं बेसबॉलपटू. काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमध्ये ते खेळले. एकदा तर त्यांना आणि आणखी एका खेळाडूला दुसऱ्या संघाला देऊन त्या बदल्यात जुनी बस घेतली गेली. पुढे माँटाना राज्यातल्या ईस्ट हेलेनाच्या शिशाच्या भट्टीवर काम, कारखान्याच्या संघाकडून खेळ, आणि सामन्याआधी मैदानावर गाण्याचे वेगळे पैसे. तिथून नॅशव्हिल. जॅक क्लेमेंट या निर्मात्याने १९६५ मध्ये त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली, आरसीए या रेकॉर्ड कंपनीचे चेट ॲटकिन्स यांनी ती उचलली आणि जानेवारी १९६६ मध्ये पहिली सिंगल, म्हणजे एका गाण्याची तबकडी, बाजारात आली: ‘द स्नेक्स क्रॉल ॲट नाइट’.

गाणं बायकोच्या बेइमानीचं आणि त्यातून झालेल्या खुनाचं. कंट्रीच्या जुन्या कथागीतांच्या वळणाचं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गायक कोण, कुठला, मला काही ठाऊक नव्हतं. खर्जातला, शांत, जराही न ओरडणारा तो आवाज ऐकून वाटलं की हा माणूस गुन्हा कबूल करतो आहे, माफी मात्र मागत नाही. त्या आवाजाला रंग नव्हता असं मी म्हणणार नाही; त्याला मिसिसिपीच्या मातीचा रंग होता, आणि तो तिथल्या गोऱ्या-काळ्या दोघांच्या बोलण्यात आहे.

रेडिओ स्टेशनांकडे गेलेल्या प्रतींसोबत गायकाचा फोटो नव्हता, परिचय नव्हता. तबकडीवर नाव छापलं होतं ‘कंट्री चार्ली प्राइड’. हा पुढे जोडलेला शब्द मला फोटोच्या अभावापेक्षाही बोलका वाटतो. त्याच कंपनीच्या जिम रीव्ह्ज यांच्या नावाआधी ‘कंट्री’ छापायची गरज कधी पडली नव्हती. ज्याच्याबद्दल शंका घेतली जाणार अशी खात्री आहे, त्यालाच दाखला गळ्यात बांधून पाठवतात.

आता कंपनीची बाजू. ती कच्ची नाही, आणि ती टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. नागरी हक्क कायदा १९६४ चा, मतदान हक्क कायदा १९६५ चा. ही तबकडी निघाली तेव्हा दोन्हींची शाई ओली होती. दक्षिणेत काळ्या माणसाने गोऱ्या श्रोत्यांसमोर उभं राहणं जिवावर बेतू शकत होतं. प्रसिद्ध काळे गायक नॅट किंग कोल दक्षिणेतल्या अलाबामातलेच, माँटगोमेरीत जन्मलेले. १० एप्रिल १९५६ रोजी त्याच राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये भर कार्यक्रमात गोऱ्यांच्या टोळक्याने रंगमंचावर चढून त्यांना खाली पाडलं होतं. मग दहा वर्षांनी एका नवख्या गायकाचा फोटो न पाठवणाऱ्या माणसांना भित्रे म्हणायचं की शहाणे? दुसरं, स्वतः प्राइड यांनी याबद्दल कधी गळा काढला नाही. आपण कंट्री गायक आहोत, एवढंच ते आयुष्यभर सांगत राहिले. ज्याने सोसलं त्याचीच तक्रार नसेल तर आपण कोण? आणि तिसरं, सगळ्यात जड: युक्ती फळली. १९७१ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ हा सर्वोच्च सन्मान, बिलबोर्ड या नियतकालिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत २९ गाणी पहिल्या क्रमांकावर, २००० मध्ये हॉल ऑफ फेम. कान आधी जिंकले, डोळे मागून आले, यात वाईट काय?

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो ऐकायला सगळ्यात गोड आणि तपासायला सगळ्यात सोपा आहे. फोटो लपवलेली पहिली सिंगल यादीत कुठेही आली नाही. दुसरीही नाही. चाललं ते १९६६ च्या अखेरीस आलेलं तिसरं गाणं, आणि पहिल्या क्रमांकावर पहिलं गाणं गेलं ते १९६९ मध्ये. तोवर अल्बमच्या कव्हरवर चेहरा होता, ऑप्रीच्या रंगमंचावर अर्नेस्ट टबसारख्या बुजुर्गाने हात धरून ओळख करून दिली होती, रंग कुणापासून लपलेला नव्हता. म्हणजे लपवून मिळालं ते शून्य आणि जे मिळालं ते उघडपणे मिळालं. फोटो दडवला म्हणून प्राइड मोठे झाले, ही गोष्ट कंपनीच्या सोयीची आहे. यादी ती सांगत नाही.

त्या काळातला एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. डेट्रॉइटचं ऑलिम्पिया स्टेडियम, दहा हजार लोक. नाव पुकारलं, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि चार्ली प्राइड प्रकाशात आले तशा टाळ्या विरत विरत बंद झाल्या. त्यांनी आपल्या या ‘कायमच्या रापलेल्या’ कातडीबद्दल हलकेच दोन शब्द बोलून ताण सैल केला, मग गायले, आणि लोकांनी मनापासून दाद दिली. हा प्रसंग सांगणारे म्हणतात, बघा, श्रोत्यांच्या मनात काय होतं ते त्या शांततेत दिसलं. पण ती शांतता आली कुठून? ज्यांना आधी काही सांगितलंच नाही ते चकित होणारच. त्या शांततेत पूर्वग्रह नव्हता असा माझा दावा नाही. असणारच, साल १९६६ होतं. पण ती शांतता काही प्रमाणात कंपनीने तयार केली होती आणि तिला सामोरं जायचं काम, एकट्याने, हसतमुखाने, त्या गायकावर टाकलं होतं. लपवण्याचा निर्णय ऑफिसचा, फेडायचं कर्ज मात्र रंगमंचावरच्या माणसाचं. ‘त्यांची तक्रार नव्हती’ हा दुसरा मुद्दा मला म्हणूनच लागू पडत नाही. तक्रार करण्याची चैन त्यांना परवडणारी होती का? एक वाक्य वाकडं गेलं असतं तर ऑफिसातला माणूस म्हणाला असता, बघा, आम्ही म्हटलंच होतं. त्यांनी आपलं मौन स्वतःच्या समजुतीने निवडलं, त्याचा मान राखायला हवा. पण त्यांच्या संयमाचं प्रमाणपत्र कंपनीने आपल्या भिंतीवर का लावावं?

काही जण इथे ऑर्केस्ट्रातल्या पडद्याचा दाखला देतात. वादकाची निवड करताना परीक्षकांसमोर पडदा लावतात, वाजवणारा दिसत नाही, फक्त सूर ऐकू येतो. तसंच हे, असं त्यांना म्हणायचं असतं. तुलना आकर्षक आहे, पण ती उलटी पडते. तिथे पडद्यामागे सगळेच बसतात. इथे गोऱ्या गायकांचे फोटो पाकिटातून जात होते आणि एकाचाच राहिला. शिवाय पडदा हा परीक्षकाने स्वतःच्या डोळ्यांवर बांधून घेतलेला असतो, स्वतःच्या पूर्वग्रहाची कबुली देऊन. आरसीएमधल्या कुणी अशी कबुली दिली? खरं तर ती द्यायला हवी होती. ॲटकिन्स यांनी कंपनीच्या वरिष्ठांनाही आधी आवाज ऐकवला आणि गायक काळा आहे हे नंतर सांगितलं. म्हणजे ही युक्ती पहिल्यांदा वापरावी लागली ती कंपनीच्या बैठकीत! टेक्सासमधल्या ट्रक ड्रायव्हरची पाळी पुष्कळ नंतर आली.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. भाड्याने घर बघायला गेलेल्या मुलाला मालक आधी आडनाव विचारतो. उत्तर ऐकून क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘आमची काही हरकत नाही हो, पण सोसायटीतल्या लोकांचं काय सांगावं!’ त्या सोसायटीतल्या लोकांना कुणी विचारलेलं नसतं. कदाचित त्यातले दोघे-चौघे नाक मुरडतीलही. पण दार बंद केलेलं असतं ते मालकाने, आणि आपलं मन स्वच्छ ठेवून. जात आणि वर्ण एक नव्हेत, त्यांचा इतिहास वेगळा, त्यांची क्रूरताही वेगळ्या जातीची. पण दुसऱ्याच्या पूर्वग्रहाआड उभं राहून स्वतःचा पूर्वग्रह चालवण्याची ही रीत दोन्हीकडे हुबेहूब सारखी आहे. इथे ‘सोसायटी’ म्हणतात, नॅशव्हिलमध्ये ‘लिसनर’.

ही रीत तिथे कधी सुरू झाली? विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेर दक्षिणेत गोऱ्या-काळ्यांचं संगीत एकमेकांत इतकं मिसळलेलं होतं की निवडून वेगळं काढणं अवघड. बँजोचं मूळ आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाद्यात, फिडल, म्हणजे व्हायोलिन, युरोपातलं, आणि दोन्ही दोघांच्या ओसरीवर. मग रेकॉर्ड कंपन्या आल्या. त्यांनी विक्रीच्या सोयीसाठी दोन सूची केल्या: काळ्या गायकांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’मध्ये, गोऱ्या खेडवळ गायकांच्या ‘हिलबिली’ आणि तत्सम नावांखाली. रेकॉर्ड कंपनीत काम करणारा राल्फ पीअर हा एकच माणूस या दोन्ही कपाटांच्या घडणीत होता. १९२३ मध्ये अटलांटात त्याने फिडलिन जॉन कार्सन यांचं गाणं मुद्रित केलं. त्याला स्वतःला तो आवाज मुळीच आवडला नव्हता. स्थानिक विक्रेत्याच्या आग्रहाखातर ५०० प्रती काढल्या, त्याही सूचीत न घालता. त्या हातोहात संपल्या. ज्या तबकडीपासून कंट्रीचा धंदा सुरू झाला असं मानतात, तिच्याबाबतीतच ऑफिसला श्रोता कळला नव्हता. मग पुढची शंभर वर्षं ‘श्रोत्याला हे आवडणार नाही’ असं ते कुठल्या अधिकाराने सांगत आलं?

आणि आपल्या दोन्ही वकिलांना ज्याची आठवण होत नाही तो डीफोर्ड बेली. हार्मोनिका वाजवणारा, पोलिओने अंग खुरटलेला हा काळा माणूस ऑप्रीच्या पहिल्या ताऱ्यांपैकी होता. १९२७ च्या डिसेंबरमधल्या ज्या रात्री त्या कार्यक्रमाला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव पडलं, त्या रात्री निवेदकाच्या त्या शब्दांआधी वाजलेली आगगाडीची धून बेलीची होती. रेडिओवर रंग दिसत नाही, म्हणून चाललं, असं कुणी म्हणेल. पण तो दौऱ्यावरही जायचा. पुढे मोठे गायक झालेले रॉय एकफ आणि बिल मन्रो नवखे होते तेव्हा गर्दी खेचायला बेलीला सोबत घेत. गोरे लोक तिकीट काढून त्याला ऐकायला येत, आणि रात्री त्याला हॉटेलात खोली मिळत नसे. श्रोत्यांचा ढोंगीपणा यात आहेच, मी तो झाकत नाही. पण १९४१ मध्ये त्याला काढलं ते श्रोत्यांनी नव्हे. गाण्यांच्या हक्कांवरून रेडिओ कंपन्या आणि रचनाकारांची संस्था यांच्यात भांडण लागलं, बेलीच्या नेहमीच्या धुना वाजवायची बंदी आली, आणि तो नवं शिकत नाही असा ठपका ठेवून त्याला घरी पाठवलं. उरलेलं आयुष्य त्याने नॅशव्हिलमध्येच बूट-पॉलिशचं दुकान चालवून काढलं. प्राइड ऑप्रीत गायले १९६७ मध्ये. मधल्या २६ वर्षांत तिथे काळा चेहरा का दिसला नाही, याचं उत्तर श्रोत्यांच्या पत्रांत शोधायचं की कचेरीच्या फायलींत?

‘प्राइड यांना स्वीकारलं, म्हणजे दार उघडं होतं’ हे म्हणणाऱ्यांना मी लिंडा मार्टेल यांचं नाव सांगतो. १९६९ मध्ये त्यांची पहिली कंट्री सिंगल आली, यादीत बाविसाव्या क्रमांकापर्यंत गेली. म्हणजे पहिल्याच फेरीत त्या प्राइड यांच्या पहिल्या दोन्ही सिंगलच्या पुढे होत्या. ऑप्रीत एकटीने गाणाऱ्या त्या पहिल्या काळ्या स्त्री. त्यांच्या कंपनीचं नाव ‘प्लँटेशन रेकॉर्ड्स’; गुलामांच्या मळ्याचं नाव तबकडीवर मिरवायला एका काळ्या गायिकेला सांगितलं गेलं! कार्यक्रमांत काही गोरे प्रेक्षक त्यांना शिव्या देत, हे त्यांनीच सांगितलं आहे, आणि त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण त्या शिव्यांनी त्यांचं गाणं थांबलं नाही. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, कंपनीने लक्ष दुसऱ्या, गोऱ्या गायिकेकडे वळवलं आणि त्या दुसरीकडे गाऊ लागल्या तेव्हा खटल्याची धमकी देऊन वाट अडवली. एक अल्बम, आणि संपलं.

त्यानंतर? प्राइड यांचं पहिल्या क्रमांकावरचं शेवटचं गाणं १९८३ चं. त्यानंतर एकट्याने गाऊन काळा गायक तिथे पोचला तो २००८ मध्ये, डॅरियस रकर, आपल्या पहिल्या कंट्री सिंगलसह. पंचवीस वर्षं! रकर स्टेशनोस्टेशनी फिरत होते तेव्हा काही कार्यक्रमप्रमुखांनी त्यांना तोंडावर सांगितलं की आमचा श्रोता काळा कंट्री गायक स्वीकारेल असं वाटत नाही. श्रोत्याला विचारलं कधी होतं? गाणं लावलं आणि ते पहिलं आलं. २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागाराने स्त्रियांबद्दल तेच सांगितलं: स्टेशनची बरकत हवी असेल तर बायकांची गाणी कमी लावा, त्या सॅलडमधल्या टोमॅटोसारख्या, थोड्याच बऱ्या. यात काळ्यांचा प्रश्नही नव्हता. रंग असो की लिंग, वाक्याची चाल तीच.

एक आक्षेप उरतो आणि तो मला खरंच महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक संगीताला अंग असतं, घडण असते. उद्या कुणी ठुमरीला अभंग म्हणू लागलं तर आपण ऐकून घेऊ का? २०१९ मध्ये लिल नास एक्स या काळ्या रॅप गायकाची पहिली सिंगल बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून काढली ती आजच्या कंट्रीचे पुरेसे घटक तिच्यात नाहीत म्हणून. परंपरेची राखण करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. स्टील गिटार आणि फिडल हरवत चालल्याची त्यांची खंत खरी आहे. पण मग मोजपट्टी सर्वांना एकच हवी. त्याआधी आठ वर्षं जेसन अल्डीन हे गोरे गायक रॅपच्या ढंगात गाऊन त्याच यादीत पहिले आले होते, आणि कुणी घटक मोजले नव्हते. प्राइड यांच्या बाबतीत तर ही सबबही नव्हती. त्यांच्या त्या पहिल्या तबकडीइतकं शुद्ध कंट्री आज नॅशव्हिलमध्ये शोधून सापडत नाही. तरीही पाकिटातून फोटो काढला गेला.

बियॉन्सेच्या विजयानंतर काही महिन्यांतच ग्रॅमीने कंट्री अल्बमचा पुरस्कार दोन भागांत विभागला, ‘पारंपरिक’ आणि ‘समकालीन’. हेतू चांगलाही असेल. जुन्या वळणाच्या गायकांना त्यातून न्याय मिळू शकतो. पण कपाटं करणाऱ्यांचा इतिहास पाहता, कुणाची तबकडी कुठल्या फळीवर जाते यावर यापुढे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं. बियॉन्सेच्या त्याच अल्बममध्ये एक म्हातारा, ठाम आवाज आहे. संगीताचे असे प्रकार पाडल्याने काहींना कोंडल्यासारखं वाटतं, असं तो सांगतो. तो आवाज लिंडा मार्टेल यांचा. त्या गाण्यासाठी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांना आयुष्यातलं पहिलं ग्रॅमी नामांकन मिळालं. विभाग होता रॅपचा.